उलटी बांधलेली लिली

चौतीस वर्षं मी मेलेल्यांना आंघोळ घातली.

दचकू नका. कोल्हापुरातल्या एका कॉलेजात, प्राणिशास्त्र विभागात मी प्रयोगशाळा सहायक होते. विभागाचं एक छोटं संग्रहालय होतं, म्हणजे लांबलचक खोली, दोन्ही बाजूंना काचेची कपाटं आणि कपाटांत बरण्या. बेडूक, विंचू, नाग, समुद्रघोडा, माणसाच्या पोटातले जंत, दोन तोंडांचं कोकरू. सगळे फॉर्मॅलिनमध्ये बुडवलेले. दर मे महिन्यात एकेक बरणी उघडायची, पिवळं पडलेलं पाणी ओतून द्यायचं, आतल्या जिवाला स्वच्छ पाण्यानं हळू धुवायचं, काचेच्या पट्टीला पांढऱ्या दोऱ्यानं पुन्हा बांधायचं, ताजं औषध भरायचं आणि झाकण मेणानं बंद करायचं. वर लेबल. एवढंच माझं शास्त्र. डोळ्यांतून पाणी वाहायचं, नाक चुरचुरायचं. पहिल्या वर्षी शिपाईमामांनी विचारलं, "आक्का, घरात कुणी गेलं काय वो?" तेव्हापासून सगळं कॉलेज मला आक्काच म्हणायला लागलं.

आमचं घर जैनांचं. सूर्य बुडायच्या आत जेवणारं, पाणी गाळून पिणारं. आणि सून बघावी तर मेलेल्या प्राण्यांची राखणदार! मुलाखतीतच मी बजावलं होतं, "मारायला लावू नका, मेलेलं सांभाळीन." बेडूक फाडायचा तास असला की ट्रे मांडून मी व्हरांड्यात जाऊन उभी राहायची. तरी सासूबाईंनी पहिली दोन वर्षं मला मागल्या दारानंच घरात घेतलं. आधी आंघोळ, मग स्वयंपाकघर. साडी वेगळ्या बादलीत.

एकदा त्या स्वतःच बघायला आल्या. "काय करतीस तरी काय तिथं, बघू दे की," म्हणत. मी घाबरले होते. त्या पहिल्या कपाटापाशी थांबल्या, डोक्यावर पदर घेतला आणि णमोकार मंत्र म्हणायला लागल्या. मग दुसऱ्या बरणीपुढं. मग तिसऱ्या. एकूणएक बरणीपुढं! अख्खी दुपार गेली. तासाला आलेली पोरं दारात खोळंबली, पण एकही आत पाऊल टाकेना. शेवटच्या बरणीपाशी सासूबाई म्हणाल्या, "एवढ्या जिवांचं कुणी काय केलं न्हाय बघ. तू निदान न्हाऊमाखू तरी घालतीस." दुसऱ्या दिवसापासून पुढलं दार उघडलं.

आता पोरांची गंमत. तुम्हाला वाटत असेल, प्राणिशास्त्र शिकणारी पोरं प्राणी ओळखत असतील. छे! ती बरणी ओळखतात. परीक्षेत बरण्या ओळीनं मांडतात, बरणीपाशी दोन मिनिटं, घंटी वाजली की पुढं सरकायचं. ह्याला स्पॉटिंग म्हणतात. तर पोरांचं पाठांतर असं: लाल झाकण म्हणजे पट्टकृमी, काठाला टवका गेलेली बरणी म्हणजे ऑक्टोपस, लेबल वाकडं ते जळू. एका मे महिन्यात मी उत्साहाच्या भरात सगळी झाकणं बदलून एकसारखी काळी केली. काय देखणं दिसत होतं संग्रहालय! ऑक्टोबरच्या परीक्षेत अर्ध्या वर्गानं नागाला गांडूळ लिहिलं. विभागप्रमुख सर माझ्याकडं बघून म्हणाले, "आक्का, तुम्ही एका दिवसात अख्खी बॅच बुडवली." मी मान खाली घालून हसत होते. चूक माझी कुठं होती? डोळे होते ते त्यांचेच होते.

हे मी मिरवून सांगायची पुढं बरीच वर्षं. "कुणी बघतच नाही हो, नुसतं पाठ करतात." असं म्हणायची आणि मान उडवायची. आता त्या मान उडवणारीचं ऐका.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका बरणीला तडा गेला. तिच्यात सी-लिली होती. नाव फुलाचं, पण प्राणी. खोल समुद्रात राहतो. लांब देठ, आणि देठाच्या टोकाला पिसांसारख्या हातांचा झुबका. समुद्रात हा झुबका वर असतो, हात पसरून वाहत आलेलं अन्न टिपतो. पण चोवीस वर्षांच्या मला हे कोण सांगणार? पास क्लासात बी.एस्सी. झालेली, आणि तोरा मात्र असा की संग्रहालय बापानं आंदण दिलंय! मी शेतकऱ्याची पोर. तो झुबका बघून मला शाळूचं उपटलेलं ताट आठवलं, माती झाडल्यावर मुळं दिसतात ना, तस्सं. मुळं म्हटल्यावर ती खालीच पाहिजेत. मी झुबका खाली, देठ वर करून नीट चार ठिकाणी दोरा बांधला, बरणी मेणानं बंद केली आणि स्वतःवर खूश झाले.

दोन वर्षांनी लेबल नवीन लिहायचं म्हणून पुस्तक उघडलं, तर चित्रात झुबका वर. मी बरणीकडं बघितलं, पुस्तकाकडं बघितलं आणि पुस्तक मिटलं. म्हटलं, करू पुढल्या मे महिन्यात. पुढल्या मे महिन्यापर्यंत विद्यापीठाची समिती येऊन गेली होती आणि सरांनी त्यांना तीच बरणी कौतुकानं दाखवली होती. सरांनाही कळलं नाही, समितीलाही नाही. मग मी कशाला बोलू? दर मे महिन्यात धुवायची आणि पुन्हा तशीच बांधायची. सोळा वर्षं ती लिली डोक्यावर उभी होती. पोरं जर्नलमध्ये तिची आकृती काढायची, पुस्तकातली बघून, अगदी सुलटी. बरणीकडं कोण बघतंय!

सुजातानं बघितलं.

सुजाता नेसरी गावची. वडील प्राथमिक शाळेत मास्तर. एस.टी.नं यायची, दोन वेण्या, पायात स्लीपर, आणि संग्रहालयात आली की स्टूल ओढून एका बरणीपुढं बसायची ती बसायचीच. त्या लिलीपुढं ती दोन दुपार बसली होती. देठावरचं एकेक कडं मोजून काढत होती. मी मागून डोकावले. आकृती इतकी सुरेख, की दोऱ्याच्या गाठीसुद्धा काढल्या होत्या! आणि अर्थातच झुबका खाली. जे दिसलं ते काढलं पोरीनं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी काय म्हटलं? "झकास!"

सरांनी जर्नलवर न बघता सही ठोकली. वार्षिक परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले. तोंडी परीक्षेत त्यांनी तिचं जर्नल चाळलं आणि त्या पानावर थांबले.

"हे काय? उलटी आकृती? पुस्तक उघडलं होतंस का कधी?"

"सर, बरणीत अशीच हाय."

"मला शिकवतेस?"

लाल पेनानं पानभर फुली मारली. खाली लिहिलं, 'निरीक्षण नाही.' मी शेजारीच चिमट्यांचा ट्रे धरून उभी होते. सुजातानं माझ्याकडं बघितलं. मी खिडकीकडं तोंड केलं. खिडकीत बघण्यासारखं काहीही नव्हतं.

इथवरची चूक भित्र्या माणसाची म्हणता येईल. पुढं जे केलं ते त्याहून वाईट. परीक्षक गेल्यावर मी घाबरले. वाटलं, ही पोर उद्या सरांना बरणी दाखवेल. सगळे पांगल्यावर मी मेण खरवडलं, लिली बाहेर काढली आणि अर्ध्या तासात सुलटी बांधून मोकळी झाले. सोळा वर्षं ज्याला वेळ मिळाला नव्हता, त्याला त्या संध्याकाळी मिळाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुजाता आली. सरळ त्या कपाटापाशी गेली. लिली सुलटी! ती बघत राहिली. डोळे चोळले. पुन्हा बघितलं. मग जर्नल छातीशी धरून माझ्यासमोरून निघून गेली. मी काचा पुसत होते. तिला हाक मारायला पाच पावलं पुरली असती.

तिचे गुण घटले, इथल्या विद्यापीठात एम.एस्सी.ची जागा थोडक्यात हुकली. ती किनाऱ्यावरच्या दुसऱ्या विद्यापीठात गेली, तिथून समुद्रात. खरोखरच्या समुद्रात. जहाजावरून खोल तळातले प्राणी शोधणारी शास्त्रज्ञ झाली. आणि माझ्यावर तिची माया अशी, की दर दिवाळीला फोन. "आक्का, मी सुजाता. तब्येत कशी हाय?" दर दिवाळीला मी ठरवायची, आज सांगू. आणि दर दिवाळीला सांगायची काय, तर चकल्या बिघडल्या.

यंदा फोन दिवाळीच्या बराच आधी आला. जहाजावरून.

"आक्का, सी-लिली बघायची हाय का? जित्ती?"

आपल्या समुद्रात ती जिवंत बघितलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी. सुजातानं सांगितलं, गाडीएवढं एक यंत्र वायरला बांधून तळाशी सोडतात, त्याला दिवे असतात, कॅमेरे असतात, ते बघतं ते वर जहाजावर दिसतं. त्या भागात त्यांना आदल्याच दिवशी लिली सापडली होती. उद्या अकरा वाजता नेसरीच्या शाळेतल्या पोरांना ते थेट दाखवणार होते, आणि त्यातच आक्कालाही जोडून घेणार होते.

"किती खोल गं?"

"जोतिबाचा डोंगर घातला तर कळससुद्धा बुडंल, एवढं."

दुसऱ्या दिवशी साडेदहालाच मी इस्त्रीची साडी नेसून टीव्हीसमोर बसले. सुनेनं फोन टीव्हीला जोडला. "आत्या, तुम्हाला कुणी बघणार नाही, फक्त आवाज जाणार आहे," ती म्हणाली. म्हटलं, असू दे, मी तिला बघणार आहे ना!

पडद्यावर नुसता अंधार. दिव्याच्या झोतात बारीक पांढरं काहीतरी सतत खाली झरत होतं, चाळणीतून पीठ पडावं तसं. सुजाता समजावत होती, वरच्या पाण्यात जे जीव मरतात त्यांचा हा चुरा, तळातल्यांचं जेवण. मग करडी जमीन दिसली. एक लालसर कोळंबी दिव्याला दचकून पळाली. आणि मग ती.

काय सांगू! चौतीस वर्षं मी तिला पांढुरकी, केरसुणीसारखी कडक बघितलेली. ही पिवळी होती. झेंडूपेक्षा कोवळी पिवळी. देठावर उभी, प्रवाहाकडं पाठ करून किंचित कललेली आणि सगळे हात परातीसारखे पसरलेले. एकेका हाताची पिसं हलत होती. तिच्या हातात तो चुरा पडत होता आणि ती तो हळूहळू मधल्या तोंडाकडं सरकवत होती. जेवत होती हो! मी इतक्या वर्षांत तिला कितीदा न्हाऊ घातलं, ती जेवते हे माझ्या कधी मनातसुद्धा आलं नव्हतं. सून म्हणाली, "आत्या, रडताय?" म्हटलं, "फॉर्मॅलिन."

नेसरीची पोरं गलका करत होती. "मॅडम, ती चावती का?" "मॅडम, तिला शू लागती का?" सुजाता एकेकाला उत्तर देत होती. मग एक मुलगी ठणकावून म्हणाली, "मॅडम, तुमी हिला पयल्यांदा कुठं बघितली?"

"कोल्हापुरात," सुजाता म्हणाली, "बरणीत. आमच्या आक्कांच्या म्युझियममध्ये. त्या आत्ता आपल्याबरोबरच हाईत. पण एक गंमत सांगते. मी तिची आकृतीच उलटी काढलीती! दोन दिवस बघून उलटी. मला अजून कळत न्हाय माझ्या डोळ्याला तवा काय झालंतं. नंतर दोन वर्षं मी बरण्यांकडं बघायचंच सोडलं, पुस्तकातनं आकृत्या काढायचे. आजसुद्धा काय दिसलं की तीनदा बघते, दुसऱ्याला इचारते आणि मगच लिहिते. म्हणून पोरांनो, आपल्या डोळ्यावर लगेच इश्वास ठेवायचा न्हाय."

पोरं "हो मॅडम" म्हणाली.

मी उठून उभी राहिले. का ते ठाऊक नाही, बसून बोलता येईना.

"सुजाता, मी आक्का. पोरांना खोटं शिकवू नको."

"म्हंजे?"

"बरणीत ती उलटीच होती. मी बांधली होती तशी, मुळं समजून. तू बरोबर बघितलंस. तुझी परीक्षा झाली त्या संध्याकाळी मी गुपचूप ती सुलटी केली. सकाळी तू आलीस तेव्हा मी तिथंच काचा पुसत होते. मला सगळं माहीत होतं."

जहाजावरचा आवाज यायला जरा उशीर लागतो. तो उशीर किती, हे मला त्या दिवशी कळलं. शाळेतली पोरं मात्र गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. तीच ठणकावणारी मुलगी म्हणाली, "म्हंजे आज्जी, मॅडम बरूबर हुत्या?"

"व्हय."

"आन तुमी गप बसला?"

"बसले."

"किती वर्सं?"

"बत्तीस."

"अगं बया," मुलगी म्हणाली. तिच्या बाई तिला दटावत होत्या, पण मला वाटलं, राहू दे, बरोबर बोलते आहे.

सुजाताचा श्वास ऐकू येत होता. मग ती अगदी हळू बोलली. मॅडमच्या आवाजात नव्हे, स्टुलावर बसणाऱ्या पोरीच्या. "मी डॉक्टरला डोळे दाखवून आलते, आक्का. बाबांनी कोल्हापूरला न्हेलतं मला. डॉक्टर म्हणालं, डोळे ठणठणीत हाईत."

माफी मागायचे शब्द मी बत्तीस वर्षं घासूनपुसून ठेवले होते. त्यातला एकही आठवेना.

तेवढ्यात पडद्यावर काहीतरी हललं. उजव्या कोपऱ्यातून एक काटेरी चेंडू सरकत येत होता, समुद्री साळिंदरच म्हणा. तो लिलीच्या देठाच्या दिशेनं चालला होता. आणि लिलीनं जेवण थांबवलं. हात मिटले. देठ वाकला, वाकता वाकता जमिनीला टेकला, आणि तळातून सुटला.

मी आयुष्यभर पोरांना सांगत आले होते, पुस्तकात वाचून, की हा प्राणी जन्मात जागचा हलत नाही.

लिली हातांवर निघाली. पुढचे हात जमिनीत रोवायचे, ओढायचे, पुन्हा रोवायचे. लांब देठ मागून फरफटत येत होता. घाई होती, पण धांदल नव्हती.

जहाजावर गडबड उडाली. कुणीतरी तरुण आवाजात म्हणालं, "मॅडम, प्रवाहानं वाहतेय का? दुसऱ्या समुद्रांत चालताना टिपलीय म्हणतात, पण आपल्याकडं नोंद नाही. रेकॉर्डिंग मागं घेऊन पुन्हा बघूया? दोघातिघांनी बघून मग लिहू."

सुजातानं त्याला मधेच तोडलं.

"नको," ती म्हणाली. "मी बघितलंय. चालतीया. लिही."

"पण मॅडम—"

"लिही म्हटलं न्हवं!"

पोरं टाळ्या पिटायला लागली. त्या गोंधळात तिनं मला हाक मारली. आवाजात राग होता. असायलाच हवा होता.

"आक्का."

"हं."

"तुमच्याशी मी भांडणार हाय. जहाजावरनं उतरले की पयली तुमच्या दारात. चांगली कडाकडा भांडणार."

"ये. पण पोटभर जेवून भांड."

"आत्ता न्हाय. आत्ता बघा ती कुठं चाललीया."

मी खाली बसले. तो काटेरी चेंडू मागं पडला होता. पिवळी लिली दिव्याच्या कडेपर्यंत पोचली, थोडी थांबली, एक हात पुढं टाकला आणि अंधारात शिरली. तिचा देठ दिसेनासा होईपर्यंत आम्ही दोघी बघत होतो.